हवामान बदल आणि हरित राजकारण: जनसुनावणी, ग्रामसभा, प्रभाग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हवामान बदल तर होतच आलाय. मग आत्ताच एवढी घाई कशाला?

2024 हे पहिलं कॅलेंडर वर्ष, ज्यात पृथ्वीचं सरासरी तापमान 1850–1900 च्या तुलनेत दीड अंशापेक्षा जास्त राहिलं. जागतिक हवामान संघटनेचा आकडा सुमारे 1.55 अंशांचा आहे. पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजतात, त्यामुळे एका वर्षाने ती ओलांडली असं म्हणता येत नाही. पण हातात वेळ किती उरला ते त्यातून कळतं. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानतज्ज्ञांच्या समितीच्या) हिशोबाने दीड अंशाच्या आत राहायचं तर जगाचं उत्सर्जन 2019 च्या मानाने 2030 पर्यंत 43 टक्क्यांनी खाली यायला हवं.

घाई आहे ती निर्णयांची. आज मंजूर झालेला औष्णिक वीजसंच पुढची 25 ते 40 वर्षं धूर सोडतो, आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड त्यानंतरही शतकानुशतकं हवेत राहतो. संच उभा राहून कर्ज फिटायला लागलं की तो बंद करायची हिंमत कुठल्याच सरकारला होत नाही. म्हणून अडवायचं किंवा बदलून घ्यायचं ते कागदावर असतानाच.

घरातले दिवे बदलले, स्कूटर इलेक्ट्रिक घेतली. तेवढं पुरत नाही का?

करा, बिल कमी येईल. पण एकदा हिशोब मांडून बघा. महिन्याला 100 युनिट जाळणारं घर वर्षाला 1,200 युनिट वापरतं. देशाच्या ग्रिडचं सरासरी उत्सर्जन युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे त्या घराच्या विजेचा वाटा वर्षाला 850 किलोच्या आसपास.

आता 660 मेगावॉटचे दोन कोळसासंच घ्या. नागपूरजवळच्या कोराडीला तेवढ्याच क्षमतेचे नवे संच प्रस्तावित झाले आणि त्यांची जनसुनावणी (मंजुरीआधी स्थानिकांचं म्हणणं ऐकण्याची सरकारी बैठक) मे 2023 मध्ये झाली. 1,320 मेगावॉट 80 टक्के क्षमतेने वर्षभर चालले तर सुमारे 925 कोटी युनिट वीज होते. नव्या पद्धतीच्या संचातही युनिटमागे 0.85 ते 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. बेरीज वर्षाला 80 लाख टनांच्या घरात जाते. वरच्यासारख्या सुमारे 95 लाख घरांच्या विजेचं अख्ख्या वर्षाचं उत्सर्जन एका मंजुरीत येऊन बसतं. म्हणूनच या पानावर दिव्यांपेक्षा मंजुऱ्यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

हरित राजकारण म्हणजे हरित पक्ष काढायचा का?

जर्मनीत काढला. 1980 मध्ये स्थापना, 1983 मध्ये 5.6 टक्के मतांवर संसदेत प्रवेश, 1998 मध्ये सत्तेत भागीदारी. तिथे 5 टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. आपल्याकडे मतदारसंघात जो पहिला तो निवडून येतो. राज्यभर विखुरलेल्या 5 टक्के मतांतून इथे एकही आमदार होत नाही.

त्यामुळे आपल्याकडचं हरित राजकारण पक्षांपेक्षा आंदोलनं, न्यायालयं आणि सुनावण्यांमधून चालत आलं. गोव्यात लोकांच्या दबावापुढे ‘प्रादेशिक आराखडा 2011’ सरकारला रद्द करावा लागला. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा विषय न्यायालयाने ग्रामसभांकडे सोपवला आणि 2013 मध्ये 12 च्या 12 ग्रामसभांनी नकार दिला. यातल्या एकाही ठिकाणी हरित पक्ष नव्हता.

जनसुनावणी कोणत्या प्रकल्पांना लागते?

2006 च्या ईआयए (पर्यावरण आघात मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे ‘अ’ आणि ‘ब-1’ गटातल्या प्रकल्पांना: औष्णिक वीज, ठरावीक आकाराच्या खाणी, बंदरं, सिमेंट, मोठी धरणं वगैरे. इमारती आणि टाउनशिप यातून वगळल्या आहेत. तुमच्या शेजारी 40 मजली टॉवर येणार असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागेल, पण जनसुनावणी होणार नाही. जादा जमीन न घेता होणारं रस्ता रुंदीकरण आणि अधिसूचित औद्योगिक क्षेत्रातले बरेच प्रकल्पही सुटतात. शहरी मंडळी इथेच फसतात. सुनावणीची वाट बघत बसतात आणि तोवर काम सुरू होतं.

सुनावणीची जाहिरात पेपरात आली. पुढच्या 30 दिवसांत काय करायचं?

किमान 30 दिवसांची सूचना बंधनकारक आहे. त्यातले पहिले आठ दिवस बहुतेक ठिकाणी ‘कळलंच नाही’ यातच जातात. ते वाचवले तर अर्धी लढाई सोपी होते.

जाहिरातीचं कात्रण तारखेसह जपून ठेवा. जाहिरात एका मोठ्या दैनिकात आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात यायला हवी. दुसरी सापडली नाही तर ती पहिली लेखी हरकत. मग प्रकल्पाचा पर्यावरण आघात अहवाल मिळवा. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, महापालिका किंवा पंचायत, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात बघायला ठेवलेला असतो. ‘साहेब बाहेर गेलेत, उद्या या’ असं उत्तर मिळालं तर वाद घालू नका. ‘अमुक तारखेला, अमुक वाजता अहवाल पाहण्यास मिळाला नाही’ असं दोन ओळींचं पत्र आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. हा शिक्का पुढे हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाच्या दाव्यांच्या विशेष न्यायालयात) कामाला येतो.

मुख्य अहवाल इंग्रजीत असतो आणि शेकडो पानांचा असतो. मराठीत फक्त सारांश देणं बंधनकारक आहे, आणि सारांशात बहुतेकदा झाडं, शाळा आणि रोजगारच असतात. पूर्ण अहवाल एकट्याने वाचायला घेऊ नका. चौघांत वाटा: एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे हवा, तिसऱ्याकडे जमीन आणि राख, चौथ्याकडे आपत्ती व्यवस्थापन. प्रत्येकाने आपल्या भागातली फक्त तीन वाक्यं काढायची, पानाच्या क्रमांकासह. मोजमापं कोणत्या महिन्यात घेतली हे आधी पाहा. नियमाप्रमाणे एका ऋतूची, पावसाळा सोडून, मोजमापं पुरतात. हवा फक्त हिवाळ्यात आणि विहिरींची पातळी फक्त डिसेंबरात मोजली असेल, तर एप्रिल-मेच्या टंचाईबद्दल अहवाल काहीच सांगत नाही. हा मुद्दा बिनतोड आहे.

गावांची यादीही तपासा. प्रकल्पापासून 10 किलोमीटरच्या अभ्यासक्षेत्रात तुमचं गाव असूनही नकाशात नाही, ओढा ‘हंगामी नाला’ म्हणून उडवलाय, मासेमारीचं गाव ‘ओसाड किनारा’ झालंय, असलं काहीतरी सापडतंच.

मंचावर बोलायला पाच मिनिटंच देतात. काय बोलायचं?

घोषणा दिल्या तर इतिवृत्तात एकच ओळ येते: ‘काही ग्रामस्थांनी विरोध दर्शविला.’ आकड्यासह प्रश्न विचारला तर कंपनीला उत्तर द्यावं लागतं आणि प्रश्न-उत्तर दोन्ही इतिवृत्ताला जोडले जातात.

वरच्याच 1,320 मेगावॉटचं उदाहरण घेऊ. पाणी: 2017 नंतरच्या कोळसासंचांना मेगावॉट-तासाला 3 घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेवर चालले तर वर्षाला 2 कोटी 77 लाख घनमीटर, म्हणजे जवळजवळ एक टीएमसी. प्रश्न असा करा: ‘एक टीएमसी पाणी कोणत्या आरक्षणातून? दुष्काळी वर्षात पहिला हक्क कोणाचा? करार दाखवा.’ कोराडीत नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात, त्यामुळे तिथे हाच प्रश्न वेगळा होतो: ते पाणी आता नदीत जात नाही, मग खालच्या गावांचं काय?

राख: युनिटमागे 600 ग्रॅम कोळसा धरला तर वर्षाला 55 लाख टन. भारतीय कोळशात 30 ते 40 टक्के राख, म्हणजे 19 लाख टनांच्या आसपास. 25 टनी टिप्परच्या रोज दोनशे फेऱ्या. कोणत्या रस्त्याने? राखेच्या तलावाचं आयुष्य किती वर्षं? जुलै 2022 मध्ये कोराडीजवळच्या खसाळा इथे राखेच्या तलावाचा बंधारा फुटला होता. नव्या बंधाऱ्याच्या आराखड्यात किती पावसाचा अंदाज धरला आहे, गेल्या तीस वर्षांच्या सरासरीचा की एका दिवसातल्या अतिवृष्टीचा?

हे शेवटचं वाक्य म्हणजेच हवामान बदलाचा मुद्दा. तो हिमनद्यांपासून सुरू केला तर अध्यक्ष घड्याळाकडे बघतात. बंधाऱ्यापासून सुरू केला तर अभियंत्याला उभं राहावं लागतं.

बोलण्याआधी नाव, गाव आणि ‘माझं लेखी निवेदन सोबत देत आहे, त्याची पोच द्यावी’ हे म्हणायचं. भाषण विसरलं तरी लेखी निवेदन राहतं. सुनावणीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. कॅमेरा चालू आहे का हे कोणीतरी एकाने बघत राहावं, आणि आपलं स्वतःचं चित्रीकरणही करावं.

सुनावणीवर बहिष्कार टाकला तर ती रद्द होते ना?

नाही. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. दहा जण आले तरी ती पूर्ण झाली असं लिहिता येतं. बहिष्काराची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते, पण इतिवृत्तात तुमचा एकही मुद्दा उरत नाही, आणि पुढे मंजुरीचा विचार करणारी समिती इतिवृत्त वाचते, पेपर नाही. बाहेर निदर्शनं करायची असतील तर जरूर करा, पण आत किमान पाच जण लेखी निवेदनं घेऊन बसलेले हवेत.

पोलिसांनी आत सोडलं नाही, धक्काबुक्की झाली, माईक बंद केला, असं घडलं तर त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना आणि प्रदूषण मंडळाला ईमेल आणि लेखी पत्र द्या. सुनावणी पुढे ढकलायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीवर अवलंबून असतो.

कंपनीवाले म्हणतात, कार्बनचा मुद्दा या सुनावणीत येत नाही. खरं आहे का?

अर्धं. 2006 च्या अधिसूचनेत हरितगृह वायूंचा स्वतंत्र हिशोब मागितलेला नाही, आणि 2019 मध्ये रिधिमा पांडे या लहान मुलीची याचिका हरित न्यायाधिकरणाने फेटाळताना, पॅरिस करार सरकारच्या धोरणात आणि प्रकल्पांच्या मूल्यांकनात लक्षात घेतला जात नाही असं मानायला कारण नाही, असं म्हटलं. पण मार्च 2024 मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये येतो असं सांगितलं. निवेदनात या निकालाचा उल्लेख करा. त्याच निकालात सौरऊर्जेच्या तारांसाठी माळढोकाच्या अधिवासातली जुनी बंधनं सैल केली होती, हेही माहीत असू द्या. समोरचा वकील ते काढणारच.

मंजुरी मिळाली. आता?

मंजुरीनंतर कंपनीने सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते. मंजुरी कळल्यापासून 30 दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क 1,000 रुपये. कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून मराठी कागदांचं भाषांतर आधीच करून घ्या. शेवटच्या आठवड्यात भाषांतरकार मिळत नाही.

शिक्क्याची पत्रं, कात्रण, चित्रीकरण, अहवालाच्या पानांचे क्रमांक: तीस दिवसांत जमवलेलं सगळं इथे लागतं. नुसत्या ‘पर्यावरणाची हानी होईल’ या वाक्यावर अपील टिकत नाही. प्रक्रियेतली चूक दाखवता आली तर टिकतं.

ग्रामसभेचा ठराव कामाचा असतो का? कसा लिहायचा?

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यात जे कमी असेल ते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, पण तिथे नवा विषय घेता येत नाही. म्हणून विषय आधीच विषयपत्रिकेवर हवा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) लेखी द्या. ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये ठेवलेला ठराव पुढे सहज उडवता येतो.

‘गाव पर्यावरणपूरक करण्यात यावे’ असा ठराव सर्वानुमते पास होतो, फोटो निघतो आणि विषय संपतो. चालणारा ठराव असा असतो: ‘नळपाणी योजनेच्या 5 अश्वशक्तीच्या पंपाचे गेल्या 12 महिन्यांचे वीजबिल सभेपुढे वाचून दाखवले. टाकीशेजारील ग्रामपंचायतीच्या जागेवर सौर संच बसवण्याचे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावे. अंदाजपत्रक 60 दिवसांत सभेपुढे ठेवावे. जबाबदारी: ग्रामपंचायत अधिकारी. सूचक…, अनुमोदक….’ एक किलोवॉट संचाला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. जागा, मुदत आणि जबाबदार माणूस या तीन गोष्टी नसतील तर ठराव म्हणजे शुभेच्छापत्र. इतिवृत्ताची नक्कल आठवड्याभरात मागून घ्या.

साध्या ग्रामसभेचा विरोधाचा ठराव मंजुरी थांबवू शकत नाही. वनजमिनीवर वनहक्क असतील किंवा गाव अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात असेल, तर ठरावाचं वजन कितीतरी जास्त असतं.

गायरानावर सौर प्रकल्प येतोय. हवामानासाठी चांगलंच ना? मग विरोध करावा का?

इथे आपल्याच बाजूच्या लोकांची पंचाईत होते. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश योग्य आहे. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, तर ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाखांप्रमाणे तीन वर्षं अनुदान अशी तरतूद आहे. एका मेगावॉटला 4 ते 5 एकर जागा लागते.

पण गायरानावर ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या चरतात त्यांच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे भाडं त्यांना मिळत नाही आणि चराई मात्र त्यांचीच जाते. म्हणून सरसकट विरोध नको आणि सरसकट होकारही नको. सभेत तीन गोष्टी मागा: चराईचा रस्ता आणि पाणवठा कुंपणाबाहेर ठेवणं, मुरमाड आणि पडीक गट आधी वापरणं, आणि अनुदानातला ठरलेला हिस्सा चारा विकासावर खर्च करणं. हे करार होण्याआधी लिहून घ्यायचं असतं. कुंपण पडल्यावर मागितलं तर ठेकेदार ‘वरती बोला’ म्हणतो.

शहरात राहतो. ना ग्रामसभा, ना सुनावणी. आम्ही कुठे पकडायचं?

अंदाजपत्रकात. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला. त्यानुसार 2019 मध्ये शहराचं उत्सर्जन 2 कोटी 34 लाख टन होतं, त्यातलं 72 टक्के इमारतींच्या आणि उद्योगांच्या ऊर्जेतून, 20 टक्के वाहतुकीतून, 8 टक्के कचऱ्यातून. ध्येय 2050 मध्ये निव्वळ शून्य. गंमत अशी की आराखडा आला त्याच आठवड्याभरात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं आराखड्यावर प्रश्न विचारायला सभागृहात निवडून आलेलं कोणी नव्हतं. जून 2024 मध्ये महापालिकेने पहिलं हवामान अंदाजपत्रक मांडलं, सुमारे 10,224 कोटींचं. नगरसेवकाला एवढंच विचारा: त्यातलं आपल्या प्रभागात नेमकं काय, कोणत्या रस्त्यावर, आणि ते आधीच ठरलेल्या नालेसफाईलाच हिरवा रंग दिलेला नाही ना?

इतर शहरांत उष्माघात कृती आराखडा मागा. अहमदाबादने 2013 मध्ये केला. दुपारी बाजारपेठेत पाणी, दवाखान्यात बर्फ आणि सलाइनसाठी राखीव खाट, बांधकामाच्या कामाच्या वेळा: हे झालंय का ते एप्रिलमध्ये फिरून बघता येतं.

रस्त्यासाठी झाडं तोडायची नोटीस झाडावर चिकटवली आहे. वेळ किती?

हरकतीसाठी साधारण सात दिवस मिळतात, म्हणून नोटिशीचा फोटो तारखेसह आजच काढा. 1975 च्या राज्य कायद्यात 2021 मध्ये बदल झाला. 50 वर्षांवरचं झाड ‘प्राचीन वृक्ष’ धरतात, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. त्यामुळे सगळा खेळ वयावर येतो. यादीत 60 वर्षांच्या पिंपळाचं वय 20 लिहिलं तर चाळीस झाडं लावायची वाचली असा ठेकेदाराचा हिशोब. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा, फोटोत टेप दिसू द्या, आणि यादीतला क्रमांक लिहून हरकत द्या.  

कोळसा की सौर, हे ठरतं कुठे?

बरंचसं वीज नियामक आयोगासमोर. वितरण कंपनीची दरवाढ आणि वीजखरेदीचे प्रस्ताव तिथे येतात, पेपरात नोटीस निघते, कोणीही लेखी सूचना देऊ शकतो आणि सुनावणीत बोलू शकतो. ग्राहक संघटना आणि उद्योगांचे प्रतिनिधी तिथे असतात, पर्यावरणवाले फारसे दिसत नाहीत. ‘जुन्या संचाची वीज कितीला पडते आणि नव्या सौर निविदेचा दर काय’ हा एक प्रश्न तिथे दहा मोर्चांपेक्षा जास्त काम करतो.

प्रकल्प सुरू झाला. अटी पाळतात का, हे कसं कळणार?

मंजुरीच्या अटींचा पालन अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागा. शुल्क 10 रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेवढ्यावरच परत येतो. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहू नका. ‘1 डिसेंबर रोजी सादर केलेल्या सहामाही अहवालाची प्रत, त्यातील भूजल तपासणीच्या तक्त्यासह’ असं लिहा. तो तक्ता आला की गावातल्या त्याच विहिरीचं पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून शेजारी ठेवा.